पडद्यावरची वाहवा

फडात ढोलकी रंगली म्हणजे माणसे भाषण करीत नाहीत. शिट्टी मारतात, फेटा उडवतात. आता घरातली मुले पाहा. मोबाइलवर दुसऱ्याचा खेळ थेट चाललेला ती तासन्‌तास बघतात. शेजारी प्रेक्षकांच्या संदेशांची पट्टी भराभर सरकत असते, आणि तीत मान डोलावणारी मांजरे, हसणारे चेहरे ह्यांचीच गर्दी. ह्या चित्रांना 'इमोट' म्हणतात. हजारो माणसे एकदम लिहू लागली की वाक्य वाचायला सवड कुणाला? तिथे चित्रच ओरडते.

ह्याचे मूळ जुने. संगणकावर लिहिलेली थट्टा लोक खरी मानू लागले, तेव्हा १९८२ च्या सप्टेंबरात अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाचे स्कॉट फालमन ह्यांनी तोडगा सुचवला: आपल्या विसर्गासारखी दोन टिंबे, आडवी रेघ आणि कंस. मान कलती करून पाहिले की हसरा चेहरा! पुढे १९८७ मध्ये कॉम्प्युसर्व्ह कंपनीने 'जीआयएफ' ही चित्रपद्धती काढली. तीत एकामागून एक चित्रे साठवता येत; १९८९ च्या सुधारणेने त्यांच्यामधला वेळही ठरवता येऊ लागला, आणि चित्र हलू लागले.

२०११ मध्ये 'ट्विच' हे खेळांच्या थेट प्रक्षेपणाचे व्यासपीठ निघाले. तिथला 'कप्पा' म्हणजे आधीच्या 'जस्टिन टीव्ही'तील एका कर्मचाऱ्याचा मंद हसरा चेहरा. वाक्यामागे तो लावला की समजावे, बोलणे उपरोधाचे आहे. फालमन ह्यांचेच काम, नाही का? हलते इमोट ट्विचने स्वतः २०२१ मध्ये दिले. पण बाहेरच्या हौशी मंडळींनी केलेल्या जोडण्यांतून ते कितीतरी आधीच चालू होते.

पण अर्थ चित्राच्या धन्याचा की गर्दीचा? 'पॉगचॅम्प' हा रायन गुटिएरेझ ह्या खेळाडूचा आ वासलेला चेहरा. डाव अचानक फिरला की पट्टीभर तोच. ६ जानेवारी २०२१ ला वॉशिंग्टनच्या संसद भवनात दंगल झाली. त्यानंतर त्याने हिंसेला उत्तेजन देणारी विधाने केली, असे सांगून कंपनीने त्याचा चेहरा काढला. माझ्या मते योग्यच केले. मात्र खुणेचा अर्थ त्या माणसाहून मोठा आहे, हे कंपनीनेच मान्य केले! काही आठवडे रोज नवा चेहरा लावून पाहिला. अखेर फेब्रुवारीत प्रेक्षकांनी मते देऊन कोमोडो ड्रॅगन, म्हणजे आपल्या घोरपडीचा इंडोनेशियातला थोरला भाऊ, तिथे बसवला. नाव पॉगचॅम्पच ठेवले.