एकच बुरशी, एकच शेवाळ, मग विष कुठून?

बिर्याणीत किंवा गोड्या मसाल्यात आपण दगडफूल घालतो, ते फूल नसतं. ते शैवाक, म्हणजे बुरशी आणि शेवाळ यांचा एकत्र संसार. सायमन श्वेंडनर या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने १८६७ साली हे मांडलं, तेव्हा त्याला कडाडून विरोध झाला. विल्यम नायलँडरसारख्या नामवंत अभ्यासकाने ते कधीच मान्य केलं नाही. पुढे मात्र हे मत इतकं रुजलं, की शैवाक म्हणजे एक बुरशी आणि तिच्यासोबत शेवाळ, हे सूत्रच होऊन बसलं.

या सूत्राला उत्तर अमेरिकेतल्या दोन शैवाकांनी अडचणीत आणलं. दोन्ही झाडांच्या फांद्यांवरून केसांच्या बटांसारखी लोंबतात. ब्रायोरिया फ्रेमोंटाय तपकिरी असतं. तिथले मूलनिवासी ते जमिनीत खड्डा करून, त्यात शिजवून खात आले. ब्रायोरिया टॉर्टुओसा पिवळसर असतं आणि त्यात व्हल्पिनिक आम्ल हे विष भरपूर असतं. एक अन्न, दुसरं विष, म्हणून दोन नावं. पण २००९ साली जनुकं तपासली तेव्हा दोन्हींत बुरशी तीच आणि शेवाळही तेच निघालं. मग फरक कशाचा?

मोंटानात वाढलेल्या टोबी स्प्रिबिल यांनी याचा माग काढला. २०१६ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये दाखवून दिलं, की शैवाकाच्या वरच्या थरात आणखी एक बुरशी राहते, यीस्टच्या रूपात. पिवळ्या शैवाकात ती जास्त असते. विष तीच बनवते, हे मात्र त्यातून सिद्ध झालं नाही. २०१९ साली ३३९ जातींची तपासणी झाली, तेव्हा असं यीस्ट फार थोड्या जातींत सापडलं. म्हणजे 'सगळीकडे तिघं' हे नवं सूत्रही टिकलं नाही.

मला यात महत्त्वाचं वाटतं ते असं. खाणाऱ्यांना फरक जिभेवर कळत होता. शास्त्राला तो बराच काळ उलगडला नाही, कारण घरात दोघंच राहतात हे आधीच ठरलेलं होतं आणि मोजणी त्या दोघांचीच होत होती. कुणाची गणना करायची हे आधीच ठरवलं, की उरलेले समोर असूनही हिशेबात येत नाहीत. इतिहास लिहिणाऱ्यांनाही हे लागू पडतं.