एअरबोटमधील प्रोपेलर व गिअर गुणोत्तर

एअरबोट ही सपाट तळाची, हवेत फिरणाऱ्या प्रोपेलरच्या रेट्यावर चालणारी नौका होय. इंजिनाची कमाल शक्ती ज्या फेऱ्यांवर मिळते, त्याच फेऱ्यांवर प्रोपेलरने ती पूर्णपणे शोषून घ्यावी, यासाठी प्रोपेलरचा व्यास, पिच, पात्यांची संख्या आणि गिअर गुणोत्तर यांचा मेळ घालावा लागतो. हा मेळ चुकल्यास अधिक अश्वशक्तीचे इंजिन बसवूनही अपेक्षित रेटा मिळत नाही.

पार्श्वभूमी

अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९०५ साली कॅनडातील नोव्हा स्कॉशिया येथे अशा प्रकारची एक प्रायोगिक नौका तयार केली होती. पुढे अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या एव्हरग्लेड्स या दलदलीच्या प्रदेशात एअरबोटींचा वापर रुजला. उथळ पाणी व दाट गवत यांमुळे तेथे पाण्याखालचा प्रोपेलर निरुपयोगी ठरतो. एअरबोटीसाठी विमानाचे किंवा मोटारगाडीचे इंजिन वापरले जाते.

गिअरची आवश्यकता

विमानाची अनेक पिस्टन इंजिने मिनिटाला सुमारे २,७०० फेऱ्यांवर पूर्ण शक्ती देतात; त्यामुळे प्रोपेलर थेट दंडावर बसवता येतो. मोटारीच्या व्ही-८ इंजिनांना त्यासाठी बहुधा ४,५०० ते ५,५०० फेरे लागतात.

१.८३ मीटर (७२ इंच) व्यासाचा प्रोपेलर ५,००० फेऱ्यांनी थेट फिरवल्यास पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला सुमारे ४७९ मीटर, म्हणजे ध्वनीच्या वेगापेक्षा (सुमारे ३४० मीटर) बराच अधिक होईल. टोकाचा वेग ध्वनिवेगाजवळ पोहोचताच रेटा घटतो, आवाज तीव्र होतो आणि पात्यांवरील ताण वाढतो. २:१ गुणोत्तराचा गिअरबॉक्स बसवल्यास प्रोपेलर २,५०० फेऱ्यांनी फिरतो व टोकाचा वेग सुमारे २३९ मीटरवर येतो. गिअरऐवजी पट्ट्याची यंत्रणाही वापरतात. दोन चाकांच्या गिअरबॉक्समध्ये फिरण्याची दिशा उलटते, पट्ट्याच्या यंत्रणेत ती तीच राहते. त्यानुसार डाव्या वा उजव्या फिरतीचा प्रोपेलर निवडावा लागतो.

प्रोपेलरची निवड

प्रोपेलर शोषून घेत असलेली शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात, तर एकाच आकाराच्या पात्यांसाठी व्यासाच्या पाचव्या घाताच्या प्रमाणात बदलते. त्यामुळे गुणोत्तर २:१ वरून २.५:१ केल्यास तोच प्रोपेलर इंजिनाच्या त्याच फेऱ्यांवर जवळपास निम्मीच शक्ती शोषतो. अशा वेळी व्यास, पिच किंवा पात्यांची संख्या वाढवणे क्रमप्राप्त ठरते.

समान शक्तीसाठी मोठ्या व्यासाचा, हळू फिरणारा प्रोपेलर स्थिर अवस्थेत अधिक रेटा देतो, कारण तो अधिक हवा कमी वेगाने मागे ढकलतो. गवतावरून किंवा चिखलातून निघताना हाच रेटा महत्त्वाचा असतो. मात्र व्यासाला संरक्षक पिंजऱ्याची मर्यादा असते. जागा अपुरी असल्यास अधिक किंवा रुंद पाती वापरतात.

चाचणी व समायोजन

अनेक प्रोपेलरांची पाती इंजिन बंद असताना हव्या त्या कोनात फिरवून घट्ट करता येतात. नौका भक्कमपणे बांधून इंजिन पूर्ण थ्रॉटलवर चालवले जाते व फेरे मोजले जातात. फेरे कमाल शक्तीच्या पातळीपर्यंत न पोहोचल्यास पिच अधिक आहे असे समजतात. अशा स्थितीत इंजिनावर भार पडून ते तापते. फेरे मर्यादेपलीकडे जात असल्यास पिच कमी आहे असे समजतात. सर्व पात्यांचा कोन समान ठेवणे आवश्यक असते, अन्यथा कंपने निर्माण होतात. नौका धावू लागल्यावर पात्यांवरील भार कमी होऊन फेरे थोडे वाढतात, म्हणून बांधलेल्या स्थितीत काही फेऱ्यांची मोकळीक राखली जाते.

मर्यादा व सुरक्षितता

गिअरमुळे फेरे घटतात, त्याच प्रमाणात प्रोपेलरच्या दंडावरील पीळ वाढतो: इंजिनाचा ६०० न्यूटन-मीटर पीळ २:१ गिअरनंतर, घर्षणातील घट सोडल्यास, १,२०० होतो. त्याच्या प्रतिक्रियेने नौका प्रोपेलरच्या फिरतीच्या विरुद्ध बाजूस कलते. मोठ्या एअरबोटींमध्ये एकाच अक्षावर परस्परविरुद्ध फिरणारे दोन प्रोपेलर बसवून हा कल कमी करता येतो. उत्पादकाने ठरवलेल्या कमाल फेऱ्यांपलीकडे प्रोपेलर फिरवल्यास पाते तुटून प्राणघातक अपघात होऊ शकतो. त्यामुळे गिअर गुणोत्तर कमी करण्यापूर्वी ही मर्यादा तपासणे अनिवार्य असते.