कॅच २२

कॅच २२ हा अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यातील ईस्ट ब्रन्सविक येथे १९९६ मध्ये सुरू झालेला स्का-पंक बँड असून, त्याची ख्याती मुख्यतः ‘कीजबी नाइट्स’ (१९९८) या पहिल्याच अल्बमवर उभी आहे. त्याचे नाव जोसेफ हेलर यांच्या १९६१ मधील कादंबरीमुळे इंग्रजीत रूढ झालेल्या शब्दप्रयोगाशी जुळते. ज्या पेचातून सुटण्याची अटच सुटका अशक्य करते, त्याला ‘कॅच-२२’ म्हणतात.

स्का ही १९५० च्या दशकाच्या अखेरीस जमैकात घडलेली संगीतशैली आहे. तिच्यात गिटारचा झटका मात्रेवर न पडता दोन मात्रांच्या मधल्या जागेत पडतो आणि ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन ही फुंकून वाजवायची वाद्ये गाण्याची मुख्य धून वाहतात. या ठेक्याला पंक रॉकचा वेग आणि आरडाओरडा जोडून स्का-पंक तयार झाले. बर्कलीच्या ‘ऑपरेशन आयव्ही’ने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याला आकार दिला आणि पुढच्या दशकाच्या मध्यावर त्याला काही काळ मोठी बाजारपेठ लाभली. अशा बँडमध्ये सहा-सात वादक लागत असल्याने माणसे येत-जात राहणे हे या शैलीच्या पाचवीलाच पुजलेले आहे.

कॅच २२ मधील पहिल्या संचाचा गायक, गिटारवादक आणि प्रमुख गीतकार टोमास काल्नोकी हा प्राग येथे जन्मलेला होता. न्यू जर्सीतील कीजबी या वस्तीचे नाव घेतलेला पहिला अल्बम शिकागोच्या ‘व्हिक्टरी रेकॉर्ड्स’ने प्रकाशित केला, तेव्हा काल्नोकीचे वय अठराही नव्हते. दाटीवाटीने कोंबलेले शब्द, मध्येच बदलणारी लय आणि केवळ साथ न करता गायकाशी वाद घालणारी फुंकवाद्ये ही या गाण्यांची वैशिष्ट्ये होत. त्याच वर्षी काल्नोकीने बँड सोडला. त्याच्याबरोबर बासवादक जॉश ॲन्सली आणि फुंकवाद्ये वाजवणारा जेमी ईगन हेही गेले. नाव मात्र उरलेल्यांकडे राहिले, आणि पुढचा सारा पेच इथूनच सुरू होतो.

उरलेल्या संचाने जेफ डेव्हिडसन या नव्या गायकासह ‘अलोन इन अ क्राउड’ (२०००) काढला. त्यानंतर गायनाची जबाबदारी सॅक्सोफोनवादक रायन एल्ड्रेड आणि ट्रम्पेटवादक केविन गुंथर यांच्याकडे आली व ‘डायनोसॉर साउंड्स’ (२००३) निघाला. वादनात सफाई आली, पण गीतकाराची उणीव भरून निघाली नाही. काल्नोकीने दरम्यान ‘स्ट्रीटलाइट मॅनिफेस्टो’ हा बँड उभा केला, ज्याच्या ‘एव्हरीथिंग गोज नम्ब’ (२००३) मध्ये ईगन आणि ॲन्सली हे जुने सहकारीही होते.

मूळ ध्वनिमुद्रणाबद्दल काल्नोकी असमाधानी होता. त्याने २००६ मध्ये ‘कीजबी नाइट्स’ हा अल्बम, गाणी आणि क्रम तोच ठेवून, स्ट्रीटलाइट मॅनिफेस्टोकडून पुन्हा ध्वनिमुद्रित करवला, आणि तोही व्हिक्टरीनेच प्रकाशित केला. एकाच कंपनीने एकच अल्बम दोन बँडच्या नावाने विकावा, हा प्रकार विरळाच. दुसऱ्या आवृत्तीत वाद्ये स्वच्छ ऐकू येतात आणि मांडणी अधिक घट्ट आहे. तरीही पहिल्या आवृत्तीतील घाई आणि कच्चेपणा हा या गाण्यांच्या आशयाचाच भाग असल्याने ती सरस ठरते. पुढे याच कंपनीशी स्ट्रीटलाइटचा उघड वाद झाला आणि बँडने चाहत्यांना आपले अल्बम तिच्याकडून विकत न घेण्याचे आवाहन केले.

त्याच २००६ साली कॅच २२ ने रशियन क्रांतिकारक लिओन ट्रॉट्स्कीच्या जीवनावर आधारलेला ‘पर्मनंट रेव्होल्यूशन’ हा अल्बम काढला. एकच कथानक धरून रचलेला हा प्रयत्न त्यांच्या उत्तरार्धातील सर्वांत धाडसी आहे आणि कीजबीच्या सावलीतून तो खरोखर बाहेर पडतो. त्यानंतर बँडने नवा स्टुडिओ अल्बम काढलेला नाही.