ग्रोसटेस्टचा नकार
मध्ययुगीन इंग्लंडातील खेड्याचे उपाध्यायपद ही जशी धर्मसेवा होती, तशीच ती एक मिळकतही होती. शेतकऱ्याच्या पिकाचा दहावा हिस्सा त्या पदाकडे येई. उपाध्याय सुचविण्याचा हक्क बहुधा जमीनदाराकडे किंवा मठाकडे असे. तो वतनासारखा वारसाने चाले, विकला जाई, आणि त्यावरून राजाच्या न्यायालयात दावे लागत. बिशपच्या हाती उरे ते उमेदवाराची योग्यता पाहणे. बड्या घराण्यांचा रोष पत्करून तो अधिकार चालविणे सोपे नव्हते.

१२३५ साली लिंकनचा बिशप झालेल्या रॉबर्ट ग्रोसटेस्टने तो चालविला. अ‍ॅरिस्टॉटलचा हा भाष्यकार पूर्वी ऑक्सफर्डला फ्रान्सिस्कन भिक्षूंना शिकवीत असे. १२३२ साली त्याने लिंकन कॅथीड्रलमधील एक पद तेवढे ठेवून आपली बाकीची पदे सोडली होती. तेव्हा बोलण्याचा अधिकार त्याने आधी मिळविला होता. राजाचे न्यायाधीश विल्यम रॅली यांच्या उमेदवाराला त्याने नाकारले, कारण तो अजून ओव्हिड शिकणारा पोर होता. मात्र त्याला स्वतःच्या पदरचे वर्षासन देऊ केले! शिक्षकाचा पिंड असा लपत नाही.

१२५३ साली खुद्द पोप चौथा इनोसंट याने आपला आप्त फ्रेडरिक दि लाव्हान्या याला लिंकनमध्ये पद देण्याचा हुकूम धाडला. ग्रोसटेस्टने उत्तर लिहिले, की पोपची सत्ता धर्म उभारण्यासाठी आहे, मोडण्यासाठी नव्हे; असा हुकूम तिच्यातून निघूच शकत नाही, म्हणून आज्ञाधारक पुत्र या नात्यानेच मी तो मानीत नाही. पुढे प्रॉटेस्टंट लेखकांनी त्याला आपला पूर्वसूरी ठरविले. मला ते पटत नाही. पोपच्या सत्तेविषयी त्याची कल्पना इतकी उंच होती, म्हणूनच तिचा असा उपयोग त्याला असह्य झाला. पोप संतापला व कार्डिनलांनी त्याला आवरले, ही हकीकत मॅथ्यू पॅरिसची; तो पोपच्या करवसुलीचा कडवा टीकाकार, तेव्हा ती जपूनच घ्यावी. त्याच वर्षी ऑक्टोबरात ग्रोसटेस्ट वारला.

१३५१ साली पार्लमेंटने पोपच्या अशा नेमणुकांविरुद्ध कायदा केला खरा, पण त्याचा रोख नेमणुकीचा हक्क सांगणाऱ्यांच्या मालमत्तेच्या रक्षणाकडे होता. गावकऱ्यांच्या आत्म्यांची काळजी हा त्याचा विषय नव्हता. ग्रोसटेस्टच्या पत्राचा आदराने दाखला देणारा जॉन विक्लिफ यानेही १३६२ साली पोपकडूनच वेस्टबरी येथील एक पद मिळविले होते, आणि पुढे तेथे गैरहजर राहिल्याचा ठपका त्याच्यावर आला.