अर्ध्या इंचाचा हिशेब : हरणाच्या शिकारीचे काडतूस आखूड कसे झाले?

१/
अमेरिकेत नोव्हेंबर हा पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या शिकारीचा महिना. विस्कॉन्सिन, मिशिगन, पेनसिल्व्हेनिया या राज्यांत परवाना घेतलेली लाखो माणसे रानात उतरतात. त्याआधी बंदुकांच्या दुकानात एक जुना वाद रंगतो : काडतूस कोणते घ्यावे? आज अनेकांचे उत्तर ‘शॉर्ट ॲक्शन’ रायफलीत बसणाऱ्या आखूड काडतुसांपैकी एखादे असते. ही निवड आपली स्वतःची आहे, असे शिकाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात तिचा मोठा भाग कारखान्यात, लष्करी कचेरीत आणि जाहिरात-विभागात त्याच्या जन्मापूर्वीच ठरून गेलेला असतो. हा धागा त्या ठरण्याच्या इतिहासाचा.

२/
आधी थोडी परिभाषा. काडतूस म्हणजे पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. रायफलीच्या ज्या भागात बोल्ट मागेपुढे सरकतो आणि मॅगझिनमधले काडतूस उचलून नळीत ढकलतो, तो भाग म्हणजे ‘ॲक्शन’. काडतूस लांब असेल तर ॲक्शन लांब, पोलाद जास्त आणि बोल्टचा प्रवासही जास्त. लांब मापाचा नमुना म्हणजे अमेरिकी लष्कराने १९०६ मध्ये स्वीकारलेले ‘.३०-०६’, त्याची एकूण लांबी सुमारे ८५ मिलिमीटर. आखूड मापाचा नमुना म्हणजे ‘.३०८ विंचेस्टर’, सुमारे ७१ मिलिमीटर. फरक जेमतेम अर्ध्या इंचाचा. (हे आकडे नळीच्या व्यासाचे, इंचाच्या अंशात, ‘०६’ मात्र सालाचे.)

३/
आखूड काडतूस शक्य झाले ते रसायनशास्त्रामुळे. १८८४ मध्ये पॉल व्हिएल या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने धूरविरहित दारू तयार केली आणि १८८६ च्या लेबेल रायफलीत ती वापरात आली. ठासणीच्या बंदुकीतल्या काळ्या दारूचा धूर तिच्यात नव्हता. पण खरा फायदा वेगळा होता. थोड्या दारूत गोळीला पूर्वी अशक्य असलेला वेग मिळू लागला. १८९५ मध्ये विंचेस्टरने ‘.३०-३०’ हे काडतूस बाजारात आणले आणि अमेरिकेतल्या हरणाच्या शिकारीची एक पिढी त्याच्यावर पोसली गेली.

४/
त्या विंचेस्टर रायफलीत मात्र एक अडचण होती. तिचे मॅगझिन म्हणजे नळीखालची दुसरी नळी, आणि तिच्यात काडतुसे एकामागे एक झोपलेली. गोळीला टोक असेल तर ते पुढच्या काडतुसाच्या टोपीवर टेकणार; बार उडताना झटका बसला तर टोपी फुटण्याचा धोका. म्हणून गोळी बोथट ठेवावी लागे, आणि बोथट गोळीचा वेग हवेत झपाट्याने ओसरतो. दाट रानात शंभर पावलांवर याचे काही बिघडत नसे. मोकळ्या माळावर बिघडे.

५/
एक विरोधाभास इथेच नोंदवायला हवा. रायफल सुधारत होती त्याच काळात हरीण संपत आले होते. मांस आणि कातडे विकण्यासाठी झालेल्या बेसुमार कत्तलीमुळे विसावे शतक उजाडताना पांढऱ्या शेपटीची हरणे देशभरात काही लाखच उरली होती. १९०० च्या लेसी कायद्याने अवैध शिकारीच्या आंतरराज्य व्यापाराला चाप लावला. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका व काडतुसांवरील कराचे पैसे वन्यजीव-संवर्धनाकडे वळवले. कळप पुन्हा वाढले, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर शिकाऱ्यांची संख्याही वाढली. आखूड काडतुसाला गिऱ्हाईक मिळाले ते या पुनरागमनामुळे.

६/
टोकदार गोळीचा प्रश्न सोडवला आर्थर सॅव्हेज यांनी. जमैकात जन्मलेल्या या गृहस्थांनी न्यूयॉर्क राज्यातील युटिका येथे कंपनी काढली. त्यांच्या १८९९ च्या रायफलीत काडतुसे फिरत्या चक्रीत, एकमेकांशेजारी बसत. टोक कोणाच्याच टोपीला लागत नसे. आत किती काडतुसे उरली हे दाखवणारा छोटा पितळी आकडाही बाजूला होता. मात्र ॲक्शन आखूड होती. पुढे त्या रायफलीसाठी जे काही घडवले गेले, ते त्या लांबीत बसवणे भाग होते.

७/
१९१५ मध्ये चार्ल्स न्यूटन या संशोधकाने सॅव्हेजसाठी एक चपळ, लहान काडतूस रेखाटले. त्यात १०० ग्रेन, म्हणजे साधारण साडेसहा ग्रॅम वजनाची गोळी असावी, असे त्याचे मत होते. कंपनीने ८७ ग्रेनची हलकी गोळी निवडली. कारण हलकी गोळी सेकंदाला ३००० फूट वेग गाठत होती आणि हा गोल आकडा जाहिरातीत शोभणारा होता. काडतुसाचे नावच पडले ‘.२५०-३०००’. आकडा विकला गेला. हरणासाठी न्यूटनचेच म्हणणे योग्य होते : हलकी, वेगवान गोळी खांद्याच्या हाडावर फुटून वरच्यावर राहू शकते, आणि जखमी जनावर रानात नाहीसे होते. पुढे १०० ग्रेनची गोळीही या काडतुसात आलीच.

८/
या वादात पणाला लागलेले नेमके काय, हे इथे स्पष्ट होते. शिकारीच्या रूढ नीतीप्रमाणे जनावर तत्काळ पडले पाहिजे. त्यासाठी गोळी फुप्फुसापर्यंत आणि हृदयापर्यंत पोहोचली पाहिजे. वेग जास्त की वजन जास्त, हा दुकानातला वाद दुसऱ्या टोकाला हरणाच्या वाट्याला येणाऱ्या मरणाचा वाद असतो. जाहिरातीत त्या टोकाचा उल्लेख क्वचितच असे.

९/
१९२० मध्ये सॅव्हेजने ‘.३०० सॅव्हेज’ आणले. लक्ष्य उघड होते : १९०६ च्या लष्करी काडतुसाच्या मूळ भाराइतकी ताकद, पण आखूड ॲक्शनमध्ये. ६३ मिलिमीटरच्या पुंगळीचे काम साडेसत्तेचाळीस मिलिमीटरमध्ये करायचे. त्यासाठी पुंगळीचा खांदा ३० अंशांनी तीव्र केला आणि मान अगदी तोकडी ठेवली, म्हणजे दारूला शक्य तेवढी जागा उरावी. दिसायला काडतूस काहीसे आखडलेले, मान खांद्यात रुतवून बसलेल्या माणसासारखे. पण चालले उत्तम.

१०/
दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी लष्कराला हलकी रायफल आणि आखूड काडतूस हवे होते. फ्रँकफर्ड शस्त्रागारातील तंत्रज्ञांनी प्रयोगांची सुरुवात कशापासून केली? .३०० सॅव्हेजच्या पुंगळीपासून. हरणासाठी घडलेली वस्तू लष्कराच्या टेबलावर आली. मधल्या काळात दारू सुधारली होती. कमी जागेत जुनाच वेग मिळत होता. त्यातून ५१ मिलिमीटर पुंगळीचे काडतूस आकाराला आले.

११/
ब्रिटिशांचे मत वेगळे होते. त्यांना .२८० हे त्याहून सौम्य काडतूस हवे होते आणि १९५१ मध्ये त्यांनी त्यासाठी ईएम-२ ही रायफल मंजूरही केली. अमेरिकी शस्त्रविभागाचे कर्नल रेने स्टडलर .३० व्यास आणि पूर्ण ताकद सोडायला तयार नव्हते. चर्चिल पुन्हा पंतप्रधान झाल्यावर ब्रिटनने माघार घेतली आणि १९५४ मध्ये ७.६२×५१ हे नाटोचे प्रमाण काडतूस ठरले. दहा-बारा वर्षांत, व्हिएतनामच्या युद्धकाळात, अमेरिकेने पायदळासाठी याहून लहान ५.५६ चा मार्ग धरला. स्टडलर यांचा आग्रह लष्करात अल्पायुषी ठरला; शिकाऱ्यांत मात्र तो सत्तर वर्षे टिकून आहे.

१२/
विंचेस्टर नाटोसाठी थांबली नाही. १९५२ मध्येच तिने हे काडतूस ‘.३०८ विंचेस्टर’ या नावाने विकायला काढले, आणि सोबत मॉडेल ७० ची ‘फेदरवेट’ ही हलकी आवृत्ती. गंमत अशी की मॉडेल ७० ची ॲक्शन त्या काळी एकाच लांबीची बनत असे. आखूड काडतूस बसावे म्हणून मॅगझिनमध्ये चक्क एक ठोकळा घातला जाई! काडतूस आखूड झाले, रायफल पूर्वीइतकीच लांब. खरी आखूड बोल्ट-ॲक्शन रेमिंग्टनकडे १९४८ पासूनच होती, मॉडेल ७२२ मध्ये.

१३/
या काडतुसाच्या लष्करी भावंडाशी महाराष्ट्राचाही संबंध आहे. भारतीय सेनेने ७.६२×५१ स्वीकारले, ईशापूरच्या कारखान्यात त्यासाठी रायफली बनल्या आणि जळगाव जिल्ह्यातील वरणगावच्या आयुध निर्माणीत लहान शस्त्रांची काडतुसे तयार होऊ लागली. शिकारीचा अध्याय मात्र भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मिटला. म्हणून जे माप अमेरिकेत हरणाचे, ते आपल्याकडे केवळ जवानाचे.

१४/
आता १९५५. हे या इतिहासातले सर्वांत बोधक वर्ष. विंचेस्टरने .३०८ ची मान आवळून ६ मिलिमीटर व्यासाचे ‘.२४३’ बनवले. त्याच वर्षी रेमिंग्टननेही ६ मिलिमीटरचेच ‘.२४४’ आणले. पुंगळी थोडी मोठी, दारू थोडी अधिक, कागदावर.२४४ सरस. बाजारात ते सपशेल हरले.

१५/
कारण दडले होते नळीच्या आतल्या आट्यांत. हे आटे गोळीला फिरकी देतात. लांब, जड गोळीला जास्त फिरकी लागते, नाहीतर ती हवेत डगमगते. रेमिंग्टनने १२ इंचांत एक वेढा दिला, कारण तिच्या मते हे काडतूस माळावरच्या लहान उपद्रवी प्राण्यांसाठी होते. विंचेस्टरने १० इंचांत एक वेढा दिला आणि १०० ग्रेनची गोळी हरणासाठी म्हणून विकली. सामान्य गिऱ्हाइकाला एकच रायफल परवडत होती. उन्हाळ्यात लहान प्राणी आणि नोव्हेंबरात हरीण, दोन्ही तिच्यानेच साधायचे होते. रेमिंग्टनने पुढे आटे ९ इंचांवर आणले आणि १९६३ मध्ये नावही बदलून ‘६ मि.मी. रेमिंग्टन’ केले. तोवर उशीर झाला होता.

१६/
.२४३ चा धक्का खांद्याला सौम्य लागतो. त्यामुळे नवशिक्यांना ते देण्याची रीत पडली. ही रीत पूर्णतः निर्दोष म्हणता येत नाही : ६ मिलिमीटरची गोळी योग्य जागी लागली तर पुरते, चुकली तर क्षमा करत नाही, आणि चुकण्याचा संभव नवशिक्याच्याच हातून अधिक. १९६३ च्या ब्रिटिश हरीण कायद्याने इंग्लंड व वेल्समध्ये रायफलीचा किमान व्यास .२४० इंच आणि नळीच्या तोंडाशी किमान ऊर्जा १७०० फूट-पाउंड ठरवली. .२४३ त्या रेषेच्या केसभर वर आहे.

१७/
पुढची पाने भराभर उलटता येतात. १९८० मध्ये रेमिंग्टनने त्याच .३०८ च्या पुंगळीतून ‘७ मि.मी.-०८’ काढले, आणि अनेक जाणकार हरणासाठी आजही त्याचेच नाव घेतात : .२४३ पेक्षा जड गोळी, .३०८ पेक्षा सौम्य धक्का. १९९७ मध्ये ६.५ मिलिमीटर व्यासाचे ‘.२६० रेमिंग्टन’ आले. तिथे अर्धा इंच पुन्हा आडवा आला. ६.५ च्या उत्तम गोळ्या लांब आणि निमुळत्या. ७१ मिलिमीटरच्या मर्यादेत त्या बसवायच्या तर पुंगळीत खोल खुपसाव्या लागत, आणि दारूची जागा खाल्ली जाई.

१८/
होर्नडी कंपनीने २००७ मध्ये याचे उत्तर दिले. गोळी लांब ठेवायची तर पुंगळीच आणखी आखूड करायची. ‘६.५ क्रीडमूर’ हे काडतूस नेमबाजीच्या स्पर्धांसाठी जन्मले आणि एकोणिसाव्या शतकातील न्यूयॉर्कजवळच्या एका नेमबाजी-मैदानाचे नाव त्याला मिळाले. हरणाच्या शिकाऱ्यांनी ते हातोहात उचलले. त्याच्या पुंगळीची लांबी ४८.८ मिलिमीटर आणि खांद्याचा कोन ३० अंश. सॅव्हेजच्या १९२० च्या त्या आखडलेल्या पुंगळीचा कोनही ३० अंशच होता, आणि लांबी याहून १.३ मिलिमीटरने कमी.