रीड कॉलेज

अमेरिकेच्या ओरेगन राज्यातील पोर्टलंड शहरात असलेले खाजगी लिबरल आर्ट्स महाविद्यालय. कोलंबिया नदीवर आगबोटी चालवून गबर झालेले सिमियन रीड आणि त्यांच्या पत्नी अमांडा यांच्या संपत्तीतून ते १९०८ मध्ये स्थापन झाले. वर्ग १९११ मध्ये भरू लागले. विद्यार्थी सुमारे चौदाशे, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या कॉलेजपेक्षाही कमीच.

येथील सारे विद्यार्थिजीवन प्रबंधाभोवती फिरते. पदवीपूर्व शिक्षण असूनही शेवटच्या वर्षी प्रत्येकाला, मग विषय रसायनशास्त्र असो की नृत्य, वर्षभर खपून प्रबंध लिहावा लागतो आणि परीक्षकांपुढे तोंडी परीक्षा द्यावी लागते. त्यासाठी ग्रंथालयात स्वतःचे टेबल मिळते. वसंत सत्राचे वर्ग संपले की ग्रंथालयाच्या पायऱ्यांपासून कुलसचिवांच्या कचेरीपर्यंत प्रबंधकर्त्यांची वाजतगाजत मिरवणूक निघते. डोक्यावर पानांचे मुकुट असतात आणि जुने कच्चे खर्डे होळीत जातात. ‘रेन फेअर’ हा तीन दिवसांचा उत्सव येथूनच सुरू होतो. बांधून काढलेले प्रबंध ग्रंथालयाच्या मनोऱ्यात राहतात. नवे विद्यार्थी ते चाळतात.

गुणांबाबत मात्र मौन. श्रेणी नोंदवली जाते, पण काम समाधानकारक असेपर्यंत ती मागितल्याशिवाय सांगत नाहीत. निबंधावर शेरे लिहून येतात, आकडा नाही. निकालाच्या दिवशी पेढे वाटणाऱ्या समाजाला हे पचणे अवघड आहे. वाद घालण्याची सवय मात्र पक्की लागते. प्रथम वर्षाच्या सक्तीच्या मानव्यविद्या अभ्यासक्रमात पाश्चात्त्य अभिजात ग्रंथांचाच वरचष्मा असल्याचा आक्षेप घेऊन २०१६ पासून विद्यार्थी व्याख्यानाच्या वेळीच फलक घेऊन बसत. पुढे अभ्यासक्रम बदलला आणि त्यात मेक्सिको सिटी व न्यूयॉर्कचे हार्लेम आले.

१९६८ पासून येथे २५० किलोवॅटची संशोधन अणुभट्टी आहे. ती मुख्यतः पदवीचे विद्यार्थीच चालवतात. इंग्रजी वा तत्त्वज्ञानाची विद्यार्थिनीही प्रशिक्षण घेऊन, सरकारी अणुनियामक आयोगाची परीक्षा उत्तीर्ण होऊन नियंत्रणकक्षात बसू शकते. उच्छादाचीही परंपरा आहे: ‘डॉइल आउल’ हे काँक्रीटचे अवजड घुबड वसतिगृहांचे गट एकमेकांकडून पळवत असतात.

माजी विद्यार्थ्यांत लेखिका बार्बरा एहरनराइक व विकिपीडियाचे सहसंस्थापक लॅरी सँगर येतात. सर्वांत गाजलेले नाव स्टीव्ह जॉब्झ यांचे, पण ते पदवीधर नव्हेत. १९७२ मध्ये दाखल होऊन त्यांनी एका सत्रातच शिक्षण सोडले आणि नंतर सुलेखनाच्या वर्गाला जाऊन बसू लागले. पुढे मॅकिन्टॉश संगणकाच्या देखण्या अक्षरांचे श्रेय त्यांनी त्या वर्गाला दिले. रीडच्या पद्धतीचे खरे फळ म्हणून कवी गॅरी स्नायडर यांचेच नाव घ्यावे लागेल. हैडा या आदिवासी समाजाच्या एका पुराणकथेवर त्यांनी १९५१ मध्ये लिहिलेला पदवीचा प्रबंध १९७९ मध्ये पुस्तकरूपाने निघाला. पुलित्झर पारितोषिक त्यांना त्याआधीच, १९७५ मध्ये, मिळाले होते.