जात्यावरची बाई पुस्तकात कधी आली?

आजचा भाग गाण्यांचा आहे, पण मी गाणार नाही, निर्धास्त ऐका. प्रश्न एवढाच आहे: आपल्या सातारा-सांगलीकडची जुनी गाणी कागदावर कुणी उतरवली, आणि उतरवताना कुणाचं ऐकलं?

सातारा-सांगली असं एका दमात म्हणतोय, कारण वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके पूर्वी सातारा जिल्ह्यातच होते. १९४९ साली संस्थानं विलीन झाल्यावर दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला, आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. जिल्हे फुटले, गाणी कुठली फुटतायत!

सुरुवात एका इंग्रज साहेबापासून करू. हॅरी अ‍ॅकवर्थ हे मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर. वडाळ्याचं अ‍ॅकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय माहीत असेल, ते त्यांच्याच नावाचं. या माणसाला पोवाड्यांचा नाद होता. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्याबरोबर त्यांनी ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह केला, तो १८९१ मध्ये छापला गेला. पुढे १८९४ मध्ये अ‍ॅकवर्थ यांनी निवडक पोवाडे इंग्रजी पद्यात नेले. त्यात अफझलखानाच्या वधाचा पोवाडाही आहे, म्हणजे १६५९ चा आपला प्रतापगड. साताऱ्याच्या डोंगरातली गोष्ट लंडनला पोचली. आणि गंमत बघा, इंग्लंडमध्ये स्वतःची लोकगीतं जमवायला संस्था निघाली १८९८ मध्ये. म्हणजे साहेबाच्या देशात सभा भरायच्या आधी आपले पोवाडे छापून तयार होते.

तिकडचा मोठा संग्राहक सेसिल शार्प. १९०३ साली सॉमरसेट परगण्यातल्या एका गावात त्याने बागेत काम करणाऱ्या माळ्याला गाताना ऐकलं आणि तो या नादाला लागला. माळ्याचं नाव जॉन इंग्लंड. खरंच, मी बनवत नाहीये. शार्पने नंतर हजारो गाणी टिपली, पियानोची साथ जोडून ती शाळांमध्ये नेली. छापताना चावट शब्द सौम्य केले, त्यावरून त्याच्यावर पुढे भरपूर टीका झाली आणि ती रास्तच आहे. पण त्याची एक सवय मला फार मोलाची वाटते. वहीत तो गाणाऱ्याचं नाव, गाव आणि तारीख लिहायचा. पुस्तकात गाणं धुऊन-पुसून आलं तरी वहीत माणूस शिल्लक राहिला.

आता आपल्याकडे या. पोवाड्याला नावाची अडचण नाही. शाहीर शेवटी स्वतःचं नाव घालतोच. तुळशीदास, अज्ञानदास ही नावं आपल्याला त्यांच्या पोवाड्यांतूनच माहीत आहेत. पण त्याच काळात, त्याच गावात, पहाटे जात्यावर बसलेली बाई गात होती. तिच्या ओवीत भावाचं नाव येतं, लेकाचं येतं, विठ्ठलाचं येतं. स्वतःचं क्वचित. तिला बिदागी नव्हती, समोर श्रोते नव्हते. दळण संपलं की गाणं संपलं. इतिहास म्हणजे लढाई असं मानणाऱ्या संग्राहकाला ते ऐकूच येणार नव्हतं.

ते ज्यांना ऐकू आलं त्यांत मोठं नाव सरोजिनी बाबर यांचं. जन्म १९२०, गाव बागणी, वाळवा तालुका. वडील कृष्णराव बाबर यांच्या समाजशिक्षण मालेतून छोटी, स्वस्त पुस्तकं निघायची, ते काम सरोजिनीबाईंनी पुढे नेलं. त्या आमदार झाल्या, राज्यसभेत गेल्या, पण लोकांना त्या आठवतात ‘अक्का’ म्हणून. महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीच्या अध्यक्ष म्हणून त्यांनी खंडामागून खंड काढले. ‘जा माझ्या माहेरा’, ‘जनलोकांचा सामवेद’ अशी नावं. शांता शेळके यांच्याबरोबर दूरदर्शनवर ‘रानजाई’ केलं, तेव्हा खेड्यातल्या बायकांची गाणी शहरी दिवाणखान्यात पोचली. अ‍ॅकवर्थ बाहेरून आले होते, अक्का त्याच मातीतल्या. माझ्या मते फरक तिथंच पडतो. कुठली ओवी भाऊबीजेची, कुठली सासरच्या जाचाची, हे त्यांना कुणी समजावून सांगावं लागत नव्हतं.

दुसरा रस्ता रंगमंचाचा. वाई तालुक्यातल्या पसरणीचे शाहीर साबळे, जन्म १९२३. ‘महाराष्ट्राची लोकधारा’ मध्ये त्यांनी गोंधळ, वासुदेव, कोळीगीतं सगळं एका पडद्याआड आणलं. लोकांनी उचलून धरलं. पण पाचेक मिनिटांच्या सादरीकरणात काय बसतं? जे जोमात आहे, ठेक्याचं आहे, ते. जात्याची ओवी संथ, एकटीची. तिला टाळ्या कुठल्या मिळणार?

मी आमच्या आजीची ओवी फोनवर रेकॉर्ड करायला बसलो होतो. तिला खुर्चीत बसून येईना. ‘हाताला काम न्हाई तर गळा कसा चालंल?’ म्हणाली. शेवटी हात जात्याचा खुंटा धरल्यासारखा हवेत गोल फिरवला, तेव्हा शब्द आले. नीट ऐकलं तर कळतं, ओळ जिथं लांबते तिथं जातं जड चालतं. गावात पिठाची गिरणी आली, बाईची पाठ सुटली, फार बरं झालं. पण गाण्याखालचा दगडच गेला.

हे ओळखून पुण्यातून मोठं काम उभं राहिलं. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी मुळशीच्या डोंगरातल्या बायकांबरोबर ओव्या जमवायला सुरुवात केली, आणि आकडा एक लाखाच्या वर गेला. हजाराहून जास्त गावं! त्यात सीता आहे, माहेर आहे, आणि बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत, म्हणजे हे गाणं गोठलेलं नव्हतं, नवी माणसं त्यात येत होती. मुख्य म्हणजे गाणारीचं नाव आणि गाव नोंदलं गेलं. पारी या संकेतस्थळावर आज तुम्ही ओवी ऐकू शकता, आणि शेजारी बाईचा फोटोही दिसतो.

तुमच्या घरात गाणारं कुणी असेल तर रेकॉर्डिंगचं बटण दाबल्यावर आधी तिलाच तिचं नाव सांगायला लावा, मग गाव, माहेर, तारीख, आणि हे गाणं कुणाकडून शिकली ते. फाईलचं नाव ‘ऑडिओ ००७’ ठेवू नका, तिच्या नावावर ठेवा. पुढच्या भागात जाऊ वाळव्यातल्याच रेठरे हरणाक्षला, पठ्ठे बापूरावांच्या गावी. भेटू.